भरली तर कडक, रिकामी तर मऊ

"एका फेरीत एकतीस बरण्या फुटल्या!" भाऊसाहेब खानविलकर गरजले. "बाबल, तू गाडी चालवतोस की ताक घुसळतोस?"

भाऊसाहेबांचा लोणच्याचा कारखाना कोकणात, खाडीकाठी. त्यांच्या बारा गाड्यांपैकी बाबलची पिकअप लोणच्याने भरलेल्या बरण्या घेऊन घाट चढायची आणि कोल्हापूरहून रिकाम्या काचेच्या बरण्या घेऊन उतरायची. मागे दीड टन माल चढला की गाडी मागून बसायची. पुढचे दिवे रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर!

भाऊसाहेबांनी आधी शॉकअप बदलले. गाडी बसायची ती बसलीच. मग दुसऱ्या मिस्त्रीने मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांत आणखी दोन जाड पाटे घातले. आता भरलेली गाडी ताठ राहिली, पण परत येताना बकरीसारखी उड्या मारू लागली. तिसरा मिस्त्री म्हणाला, हवेचे फुगे बसवू. दर फेरीला त्यात हवा भरायची आणि सोडायची, हे ऐकताच भाऊसाहेबांनी त्याला चहासुद्धा पाजला नाही.

राग निघाला तो ड्रायव्हरवर.

"उद्यापासून स्टिअरिंग सोड. बरण्या धुवायला बस!"

बावीस वर्षं घाट चढलेला बाबल खाली मान घालून निघाला आणि थेट भाचीच्या दुकानात जाऊन बसला. त्याची भाची सुरंगा पांचाळ हमरस्त्यावर गाड्यांचे पाटे तापवायची, ठोकायची, बसवायची. वडिलांच्या मागे दुकान तिनेच चालवलं होतं. दुकानाखालची जागा मात्र भाऊसाहेबांची.

मामाचं बोलणं ऐकून सुरंगाने हातोडा ठेवला, हात पुसले आणि ती तडक कारखान्यात गेली.

"भाऊसाहेब, बरण्या मामाने नाही फोडल्या. तुमच्या जाड पाट्यांनी फोडल्या."

"अस्सं? मग तू काय करणार?"

"तुम्हाला काय हवं ते सांगा."

भाऊसाहेब हट्टाला पेटले. "भरली तर कडक, रिकामी तर मऊ! वाटेत थांबून काही आवळायचं नाही, सोडायचं नाही, हवा भरायची नाही. जमलं तर बाबल गाडीवर. नाही जमलं तर तो बरण्या धुवेल आणि तू दुकान हलवशील!"

बाबल दारातूनच ओरडला, "सुरंगे, नको गो!"

"जमेल," सुरंगा म्हणाली.

"अगं, पण गाडी भरली की रिकामी, हे त्या लोखंडाला कळणार कसं?" बाबलने विचारलं.

"ओझंच सांगेल त्याला!"

दोन दिवस तिच्या दुकानात ठोकाठोक चालली. ते जाड पाटे तिने उपसून बाजूला टाकले. जुने पाटे तसेच ठेवले आणि त्यांच्यावर एक वेगळा, दणकट पाटा बसवला. त्याची दोन्ही टोकं मोकळी. टोकांच्या वर चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन ठेपे लावले आणि मधे तीन बोटांची फट ठेवली.

भाऊसाहेब वाकून बघू लागले. "हा पाटा तर कशालाच टेकत नाही! फुकट पगार खाणारा दिसतोय."

"काम पडलं की उठेल. माल भरा!"

दीड टन लोणचं चढलं. गाडी हळूहळू खाली आली, तीन बोटं खाली आली, ठेपे नव्या पाट्यावर टेकले आणि गाडी थांबली. भाऊसाहेबांनी कारखान्यातलं एक लिंबू मागवलं आणि गाडीच्या पाठीमागच्या फळीवर ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही!

"हे झालं भरलेलं," भाऊसाहेब म्हणाले. "रिकाम्याचं काय? येताना मी स्वतः मागे बसणार. बरण्यांत!"

आणि खरंच बसले. कोल्हापूरला माल उतरला, रिकाम्या बरण्या चढल्या, त्यांच्या मधोमध पोत्यावर भाऊसाहेब. मांडीवर एक बरणी, डोळे वटारलेले. ओझं उतरल्याने नवा पाटा पुन्हा मोकळा झाला होता. गाडी जुन्या मऊ पाट्यांवर डुलत डुलत घाट उतरली. कारखान्याच्या फाटकात बाबलने मागे पाहिलं, तर भाऊसाहेब बरणी कवटाळून घोरत होते!

सुरंगाने मोजलं. एकही बरणी फुटली नव्हती.

भाऊसाहेब डोळे चोळत उठले. बाबलचा जीव भांड्यात पडला. पण भाऊसाहेब कसले ऐकतात!

"झकास! आता गाडी बसत नाही ना? मग उद्यापासून तीन टन भरा! एका फेरीत दोन फेऱ्यांचं काम!"

बाबलचा चेहरा उतरला. तीन टन घेऊन तो घाट! सुरंगा मात्र भाऊसाहेबांकडे बघत होती. भाऊसाहेब कण्हत कण्हत गाडीतून उतरले, तसा त्यांचा सदरा वर सरकला आणि कमरेचा रुंद पट्टा दिसला.

"भाऊसाहेब, हा पट्टा कसला?"

"कंबरदुखीचा. डॉक्टरांनी दिलाय. बराच आराम पडतो."

"मग छानच! गोदामात पोती पडली आहेत. उद्यापासून दोन-दोन पाठीवर घ्या!"

"वेडी आहेस का? पट्ट्याने कंबर सावरते. पाठ काय नवी येते? गुडघे तरी टिकतील का माझे?"

"तसंच या गाडीचं! पाटा मी दिला. ब्रेक, टायर, एक्सल जुनेच आहेत. कागदावर दीड टन लिहिलंय, ते मी ठोकून वाढवलेलं नाही. तुम्ही दोन पोती उचला, मग गाडी तीन टन उचलेल!"

 मग भाऊसाहेबांच्या पोटातून हसू फुटलं. एवढे हसले, एवढे हसले, की पट्टा सुटून हातात आला!

"बाबल, गाडीची किल्ली खिशात घाल," डोळे पुसत ते म्हणाले. "माल दीड टनच. आणि सुरंगे, माझ्या बाकीच्या अकरा गाड्याही तूच दुरुस्तीला घे. दुकान कुठे हलवू नकोस. ती जागा आजपासून तुझी!"