गाडग्यातला विस्तव

फार फार जुनी गोष्ट. एका दाट जंगलापलीकडे, डोंगरावर, वैद्यकी शिकवणारा एक आश्रम होता. तिथे शिकलेला वैद्य मेलेल्याला सोडून सगळ्यांना बरं करतो, असं लोक म्हणत. लोक जरा वाढवूनच बोलतात, पण आश्रम नावाजलेला होता हे खरं.

दर वर्षी तिथे शिकायला येणाऱ्यांची रीघ लागे आणि आत घेतले जात अगदी मोजके. अट एकच होती आणि ऐकायला सोपी होती. आपल्या घरच्या चुलीतला विस्तव घेऊन यायचा. दारात तो जिवंत निघाला तर आत, नाहीतर आल्या वाटेने परत.

जंगलाच्या अलीकडे एक गाव होतं. त्या गावात वैद्य नव्हता. कुणी अडलं-नडलं की त्याला बाजेवर घालून दूरच्या गावी न्यायचं. एका मुलीच्या थोरल्या बहिणीला बाळंतपणात असंच नेलं होतं. बाजेचा एक खूर मुलीनेच धरला होता. निम्म्या वाटेवरून बाज परत फिरली. तेव्हापासून मुलीने मनाशी धरलं होतं, आपण वैद्य व्हायचं.

निघायच्या दिवशी आईने गाडग्यात राख घातली, राखेत पेटती गोवरी ठेवली, वर पुन्हा राख पसरली आणि भोक असलेली झाकणी बसवली.

"सारखं उघडून बघू नकोस हो," आई म्हणाली. "वारं लागलं की गोवरी भराभरा जळून जाते. राखेखाली राहिली तर दिवसभर धुमसेल. गाडगं हाताला गरम लागलं, की झालं."

मुलगी उजाडताच निघाली. दिवस मावळायच्या आत दार गाठायचं होतं आणि वाटेत विस्तव मागायला एकही चूल नव्हती.

माळावर तिला टिटवी भेटली. टिटवीला तुम्ही ओळखताच. पान हललं तरी ती गाव गोळा करते.

"कुठं गं निघालीस?"

"आश्रमात."

"अगं बाई! यंदा तर राजवैद्याचा मुलगा आलाय म्हणे, चांदीच्या भांड्यात विस्तव घेऊन. तुझा आहे का अजून जिवंत?"

मुलीने हात लावून पाहिलं. "गाडगं गरम आहे की."

"उन्हानं तापलं असेल!"

मुलीने झाकणी काढली, राख बाजूला केली. गोवरी लाल होती. खात्री करायला तिने एक फुंकरही घातली. जीव भांड्यात पडला, पण जरा पुढे गेली नाही तोच टिटवी डोक्यावर हजर.

"मागं एकाचा दारातच विझला म्हणे! लाजेनं घरी गेलाच नाही तो."

पुन्हा झाकणी, पुन्हा फुंकर. जंगल लागलं तशी टिटवी मागे राहिली. पण आता तिची गरजही नव्हती. ती मुलीच्या मनातच जाऊन बसली होती. दर वळणावर मुलगी थांबे आणि झाकणी उघडे.

सांज होताना ती दारात पोचली. आश्रमातल्या थोरल्या वैद्यबाईंनी गाडगं उघडलं. तळापर्यंत थंड राख.

"पाऊस लागला का वाटेत?"

"नाही."

"ठेच लागून पडलीस?"

"नाही. विझेल, विझेल म्हणून सारखी उघडून बघत होते." मुलीला रडू फुटलं.

"औषध दिल्यावर थांबावं लागतं, बाळ," वैद्यबाई म्हणाल्या. "घाबरून घटकेघटकेला औषध बदललं, तर रोगी हातचा जातो. परत जा."

"आता सगळं संपलं का हो?"

"घरची चूल पेटती आहे ना?" एवढंच विचारून त्यांनी दार लावलं.

घरी काय तोंड दाखवायचं, या धास्तीने मुलीचे पाय उचलत नव्हते. पण ती पोचली तेव्हा आई त्याच चुलीवर भाकऱ्या भाजत होती. तिने मुलीपुढे ताट ठेवलं.

पुढच्या वर्षी मुलगी पुन्हा निघाली. भीती कमी झाली नव्हती, उलट वाढली होती. विस्तव विझतो म्हणजे काय, हे आता तिने पाहिलं होतं.

"पुन्हा आलीस?" टिटवी किंचाळली. "आधी बघ तरी! विझला असेल!"

मुलीची बोटं झाकणीवर गेली. तिने झाकणी जरा उचलली आणि तशीच घट्ट दाबून बसवली.

"भीती वाटतेय मला," ती टिटवीला म्हणाली, "पण उघडणार नाही."

दारात वैद्यबाईंनी झाकणी काढली. वर नुसती करडी राख.

"गेला," मुलगी म्हणाली.

वैद्यबाईंनी वाळक्या गवताची काडी राखेत खोल खुपसली आणि त्या थांबल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग काडीतून धूर निघाला आणि तिने पेट घेतला.

"ये आत," वैद्यबाई म्हणाल्या.

ती मुलगी शिकून गावी परतली आणि त्या गावची बाज पुन्हा निम्म्या वाटेवरून फिरली नाही. माळावरची टिटवी अजून ओरडते. तिला ओरडू द्यावं.

भीती वाटल्याने हातचं जात नाही, भीतीचं ऐकत राहिल्याने जातं.