रडेल त्याला पेढा

कुठल्याशा गावात भिवा नावाचा एक भोळा गडी होता. वय तीस, अक्कल तीन. सांगाल तेवढंच करायचा, हाच घोटाळा. तीन स्थळं येऊन परत गेली होती.

थोरल्या बहिणीनं, गोदाक्कानं, युक्ती काढली. आपल्या धाकट्या लेकाच्या वाढदिवसालाच चौथ्या स्थळाला, मुलीच्या बापाला बोलावलं.

"भिवा, तू नुसता पोरं खेळव. पाहुण्यांना वाटू दे, लेकरांत रमणारा जावई मिळतोय. आधी खुर्च्यांचा खेळ घे. गाणं थांबलं की एक खुर्ची काढायची."

गाणं थांबलं. पोरं बसली. भिवानं एक खुर्ची काढली. तिच्यावर बसलेलं पोर दाणकन आपटलं.

अक्का स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली, "अरे मुडद्या, बसलेल्याची काढतात का? राहू दे. पुतळ्यांचा खेळ घे. हलेल तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला, त्याला पेढा."

दोन-तीन वर्षांची पोरं ती. कुणी नाक पुसलं, कुणी चड्डी ओढली. सगळी बाद. अंगणातलं दगडी उखळ तेवढं हललं नाही. भिवानं उखळात पेढा ठेवला. कुत्र्यानं तो खाल्ला. पोरांनी भोकाड पसरलं.

"उखळाला पेढा? अरे, रडेल त्याला आधी पेढा द्यावा!"

भिवानं रडणाऱ्यांना पेढे दिले. दोघं मात्र हसत होती. ती उपाशी राहणार म्हणून भिवाचं काळीज तुटलं. त्यानं दोघांना चिमटे काढले, मग पेढे दिले.

अक्का लाटणं घेऊनच बाहेर आली, तर दारात पाहुणे! शिरपतराव, मुलीचे वडील. अक्कानं लाटणं पदराआड केलं.

"या, या. बसा. भिवा, पाहुण्यांना पेढा दे बाबा." आणि ती पाणी आणायला आत गेली.

शिरपतराव खूश. "पोरांत रमता हो तुम्ही. आमच्या लेकीला असाच मायाळू माणूस पाहिजे."

पेढा एकच उरला होता. भिवानं पाहुण्यांचं तोंड निरखलं. टिपूस नाही. उलट माणूस हसतोय! बिचारा तसाच जायचा.

भिवानं त्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"आई गं! हे काय?"

"अजून पाणी आलं नाही डोळ्यांत. थांबा." भिवानं दुसरा दंड धरला आणि चांगला पीळ दिला.

शिरपतराव वहाणा हातात घेऊन पळाले. ते पाहून पोरंही पळाली.

अक्का तांब्या घेऊन बाहेर आली. अंगण रिकामं. भिवा एकटाच खुर्चीत, छाती काढून बसलेला.

"अक्का, सगळे बाद! शेवटी मी एकटाच उरलो!"

अक्का मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

भिवा लगेच उठला. उरलेला पेढा त्यानं तिच्या हातावर ठेवला.

"घे. बघ, तुला चिमटासुद्धा काढावा लागला नाही."