आंबरवाडीचा बिनचाकांचा गाडा

आंबरवाडी आणि टाकेगाव यांच्या मधे एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर बाभळीखाली एक लाकडी गाडा जमिनीत रुतून बसला आहे. त्यावरचा मरीआईचा मुखवटा दरवर्षी नव्यानं रंगवतात. लाकूड कुजलं की दोन्ही गावचे सुतार नवं बसवतात, चाकं तेवढी कुणी बसवत नाही. शहरातून आलेली माणसं पहिल्यांदा हेच विचारतात, चाकं चोरीला गेली का हो? आणि लगेच दुसरं, ही इडापिडा खरंच असते का? या दोन प्रश्नांचा इथल्या म्हाताऱ्यांना अगदी वीट आला आहे. चाकं चोरीला गेली नाहीत. ती हौसा गुरवीण हिनं काढली, असं सांगतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर जरा बूड टेकावं लागतं. फोटो काढता काढता ऐकण्यासारखं ते नाही.

फार मागची गोष्ट. त्या काळी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की माणसं पटापट जायची. औषध कुणाला ठाऊक नव्हतं, पण उपाय मात्र सगळ्या गावांना पाठ होता. मरीआईचा गाडा सजवायचा. त्यात हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, आंबिलीचं मडकं ठेवायचं. ज्या घरात आजारी माणूस असेल त्या घरातून त्याचं एखादं वस्त्र आणून गाड्यात टाकायचं. मग ढोल वाजवत गाडा शिवेवर न्यायचा, पलीकडे ढकलायचा आणि मागं न बघता घरी यायचं. इडा गेली. कुठं गेली? पुढच्या गावाला. पुढचं गाव तिला त्याच्या पुढच्या गावाला ढकलायचं. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. उलट जो जोर लावून ढकलेल तो गावाचा राखणदार.

हौसा ही आंबरवाडीच्या गुरवाची बायको. नवरा लवकर गेला आणि देवीची सेवा तिच्याकडे आली. मुखवटा ती रंगवायची, गाडा तिच्याशिवाय हलायचा नाही. जिभेनं तिखट, पण हाताची उदार, असं म्हणतात. तिला एकच लेक, सारजा. ती ओढ्यापलीकडे टाकेगावच्या गुरवाच्या घरात दिलेली, आणि त्या वर्षी पोटुशी होती.

आषाढात साथ आली. पाटलाचा नातू आजारी पडला तसा पाटील घाबरला. माणूस वाईट नव्हता, हे नीट लक्षात ठेवा. दुष्काळात स्वतःची कणगी गावाला मोकळी करून देणारा होता. त्यानं गाव गोळा केलं आणि सांगितलं, गाडा टाकेगावच्या शिवेवर न्यायचा.

"टाकेगावात माझी लेक हाय, पाटील," हौसा म्हणाली. "दुसरीकडं न्या."

मग दुसरीकडे कुठं, यावर चावडीत जी बोलणी झाली ती ऐकून हौसानं म्हणे कपाळाला हात लावला. मावळतीच्या गावात पाटलाची सासुरवाडी. उत्तरेच्या गावात सुताराची बहीण. दक्षिणेला न्यावा तर तिथनं गावाचं पाणी येतं. उगवतीला सावकाराचा मळा, त्याला दुखवायचं कुणी? चारी बाजूंनी कुणाचं ना कुणी निघालंच. ज्याचं कुणी नाही अशी शीवच गावाला नव्हती, तरी गाडा कुठंतरी न्यायचाच होता. हौसा आजवर कितीदा तो घेऊन गेली होती, पण कुणाची कोण तिकडे नांदते हे तिनंही कधी विचारलं नव्हतं. आता ते आठवून तिचा जीव आणखीच चिडला.

"म्हंजे फिरून फिरून माझ्याच लेकीच्या दारात व्हय?"

"दारात कोण नेतंय, हौसाबाई?" पाटील समजुतीनं म्हणाला. "आपण निस्तं शिवेवर ठिवतो. फुडचं त्यांचं ते बघतील."

हे वाक्य सगळ्यांना पटलं. ढोल वाजू लागले. हौसा बोलली, ओरडली, रडली. शेवटी गाड्याबरोबर निघाली, कारण वाटेत काही करून गाडा अडवता येईल अशी तिला आशा होती.

ओढ्याशी आले तर काय, पलीकडूनही ढोल वाजत होते. टाकेगावचं गाव आपला गाडा घेऊन त्याच शिवेवर आलं होतं! त्यांच्याकडेही साथ होती, आणि त्यांच्याही चावडीत बहुधा हीच बोलणी झाली असणार. त्या गाड्याच्या पुढं होता रंगोबा गुरव, सारजाचा सासरा, हौसाचा व्याही. व्याही आणि विहीण समोरासमोर, दोघांच्या हाताखाली आपापल्या गावची इडा, आणि दोघंही ती एकमेकांच्या गावात लोटायला निघालेले. हसावं की रडावं कळेना अशी ती घडी. पण हसलं कुणीच नाही. दोन्हीकडून शिव्या सुरू झाल्या, मग धोंडे आले, एका पोराचं डोकं फुटलं आणि काठ्या उगारल्या गेल्या. रोज एकाच ओढ्यावर गुरं पाजणारी ही माणसं.

तेवढ्यात हौसाची नजर त्यांच्या गाड्यात गेली. वरच एक जांभळं लुगडं पडलं होतं. ते तिनंच सारजाला चोळीसकट पाठवलं होतं.

ती काठ्यांच्या मधून सरळ रंगोबापुढं जाऊन उभी राहिली.

"इवाई, सारजा आजारी हाय?"

रंगोबानं मान खाली घातली. "कालधरनं. नगं म्हणत हुती ती, तुमच्याकडं नगा नेऊ म्हणत हुती. पर गावाफुडं माझं काय चालतंय, इहीणबाई?"

हौसाचा संताप तेव्हा असा उसळला म्हणतात, की ढोलवाल्यांचे हात आपोआप थांबले. ती दोन्ही गावांकडे वळली.

"कुणाच्या दारात न्यायचा ह्यो गाडा? नाव घ्या! शीव शीव करू नगा, माणसाचं नाव घ्या. कुणाचं पोर मरू द्यायचं ते बोला, म्या सोता वडत नेते!"

शिवेवर ढकलताना ज्यांचा आवाज आभाळाला भिडत होता, त्यातल्या एकालाही एक नाव घेता येईना.

शेवटी पाटील कसाबसा म्हणाला, "आगं, पर इडा तर खरी हाय ना? माणसं मरत्यात. तिला कुठंतरी घालवाय नगं?"

"मला काय इचारता? देवीचा मुखवटा म्याच रंगवते. तिच्या डोळ्यांत मला कंदी वंगाळ दिसलं न्हाई. तुमच्या डोळ्यांत आत्ता दिसतंय, धोंडा उचलताना."

एवढं बोलून ती खाली बसली, चाकं धरून ठेवणाऱ्या लोखंडी खिळी दगडानं ठोकून काढल्या आणि आपल्या गावच्या गाड्याची दोन्ही चाकं ओढ्यात लोटून दिली. गाडा जमिनीवर बसला. मग आंबिलीचं मडकं काखेत घेतलं आणि ओढा ओलांडून ती टाकेगावाकडे चालू लागली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

रंगोबाच्या घरी सारजाची सासू अंगणात रडत बसली होती. सारजा आतल्या खोलीत एकटी होती. सासूनं तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता, पण तो उंबऱ्यावर. आत जायची तिला भीती वाटली. सारजाला उठवत नव्हतं. तांब्या भरलेला तसाच होता आणि तिचे ओठ कोरडे पडले होते. हौसानं तिला मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, आंबील पाजली. पण उशीर झाला होता. दिवेलागणीला सारजा गेली, पोटातल्या जिवासकट.

पुढं काय झालं, तेच खरं चीड आणणारं आहे. साथ हळूहळू ओसरली, पाटलाचा नातू वाचला, आणि दोन्ही गावं हौसाच्या दारात ओटी घेऊन आली. म्हणाली, देवीनं सारजाचा बळी घेतला आणि शांत झाली, तुझी लेक गावांसाठी गेली, आम्ही तिचं देऊळ बांधतो. आजही काही जण पाहुण्यांना असंच सांगतात, ऐकायला बरं वाटतं म्हणून. खुशाल सांगोत. हौसानं मात्र ती ओटी अंगणात भिरकावली.

"देवीच्या माथी मारू नगा," ती म्हणाली. "माझी लेक तहानेनं मेली. पाणी हुतं. कुणी आत गेलं न्हाई."

तिनं देऊळ बांधू दिलं नाही. त्याऐवजी आजाऱ्याला पुन्हा कधी एकटं टाकायचं नाही, अशी दोन्ही गावांकडून शपथ घेतली, आणि ती मोडेल त्याच्या घरी गुरवानं पाऊल टाकायचं नाही असं ठरलं.

म्हणून आजही आषाढात दोन्ही गावं या गाड्यापाशी जमतात. आंबिलीचा तांब्या भरतात आणि गुरव विचारतो, "कुणाच्या दारात न्यायचा?" तेव्हा लोक नावं घेतात, दोन्ही गावांत जो कुणी अंथरुणाला खिळला असेल त्याचं नाव. टाकेगावच्या आजाऱ्याकडे आंबरवाडीचा माणूस जातो, आंबरवाडीच्या आजाऱ्याकडे टाकेगावचा. रोग कुठलाही असो, भांडण कितीही जुनं असो. मागच्या साली बांधावरून कोर्टात गेलेल्या एकाच्या वाट्याला नेमका त्याचाच वैरी आला. तो तांब्या उंबऱ्यावर ठेवून परत आला आणि म्हणाला, पोचवला. गुरवानं त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि सगळा जमाव एका तोंडानं म्हणाला, "आत जा."

तो शिव्या देत गेला. पण आत गेला.