व्हालनुआतलं बिनदाराचं घर

फ्रान्सच्या दक्षिणेला, अक्रोडाच्या बागांनी भरलेल्या एका दरीत व्हालनुआ नावाचं गाव आहे. गाव कसलं, एक चर्च, एक पूल आणि चढावर एकमेकांना टेकून उभी राहिलेली साठ-सत्तर घरं. त्यातल्या अकरा घरांत प्रवाशांना उतरायला खोल्या मिळतात. खोल्या देखण्या आहेत. निळ्या झडपांच्या खिडक्या, खाली नदी, कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या. पण पाहुणा गादीची कड उचलून बघतो आणि बुचकळ्यात पडतो, कारण अकराही घरांत पाहुण्याचा पलंग म्हणजे दगडांवर आडवं टाकलेलं एक जुनं दार असतं. कुलपाचं भोक तसंच, बिजागरीच्या पट्ट्या तशाच, आणि उशाशी थाप मारायची लोखंडी कडी.

पुलाजवळच्या सगळ्यात जुन्या घराला तर पुढचं दारच नाही. चौकट आहे, झिजलेला उंबरा आहे, आणि दाराच्या जागी उन्हाळ्यात तागाचा पडदा, थंडीत जाडजूड घोंगडी. पुण्यात पस्तीस वर्षं फ्रेंच शिकवून निवृत्त झालेल्या शरयू टिपणीस यांनी फोटो पाहून हेच घर ठरवलं होतं. फोटोत दार दिसलं नव्हतं, तेव्हा ते बाजूला कुठेतरी असेल असं त्या धरून चालल्या होत्या. सोबत आलेले त्यांचे यजमान पासपोर्टची पिशवी पोटाशी धरून उंबऱ्यावरच थबकले आणि म्हणाले, "अगं, कुलूप कुठे लावायचं ते विचार आधी." घर सांभाळणाऱ्या मादाम मार्स्लीन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. प्रश्न ऐकून त्या हसल्या नाहीत. त्यांनी दोघांना बसवलं, पुढ्यात अक्रोडांचा वाडगा ठेवला आणि गावात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात ती हकिगत सांगितली.

गोष्ट पाचशे वर्षांपूर्वीची आहे म्हणे. मादामच्या आजीच्या तोंडी ती सहाशेही असायची. लढाया आणि साथी यांनी दरी ओसाड केली होती. रिकाम्या घरांत कुणीही शिरावं आणि हे माझंच म्हणून बसावं, असे दिवस आले होते. म्हणून गावाने एक कायदा केला. वर्षातून एकदा, संत मार्तिनच्या दिवशी, म्हणजे नोव्हेंबरात, गावचा कारभारी काठी घेऊन दारोदार फिरे. प्रत्येक दारावर तीन थापा मारी आणि विचारी, "घरात कोण?" आतून "मी आहे" असं उत्तर आलं, की ते घर पुढच्या वर्षापुरतं उत्तर देणाऱ्याचं. उत्तर आलं नाही, किंवा थाप मारायला दारच नसलं, तर घर गावाचं. या दिवसाला थापेचा दिवस म्हणत. त्याच कायद्यात दुसरं कलम होतं, की थाप मारल्याशिवाय कुणी कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही. व्हालनुआची माणसं कायद्याला इतकी घट्ट धरून असत, की घराला आग लागली तरी शेजारी आधी थाप मारतील, अशी त्यांची थट्टा आसपासच्या गावांत चाले.

तिसरी गोष्ट कायद्यात नव्हती, पण पाळत सगळेच. परक्याला घरात घ्यायचं नाही. साथीने धडा शिकवला होता. रस्त्याने येणारा माणूस दिसला की दारं धाडधाड बंद होत.

पुलाजवळच्या घरात पेरोनेल नावाची विधवा राहायची. तिचा नवरा बेर्त्रां सुतार होता. लग्न करून तिला पलीकडच्या दरीतून आणलं होतं, आणि त्या दरीतलं तिचं माहेर साथीत पुसलं गेलं होतं. दोन वर्षांपूर्वी तापाने बेर्त्रांही गेला. तापाने गेलेल्याचा पलंग जाळायचा, ही गावची रीत. तोही जळला. तेव्हापासून पेरोनेल चुलीशेजारच्या वीतभर रुंद दगडी कट्ट्यावर अंग चोरून झोपे. घराच्या पोटात एक झरा होता आणि थंडी पडली की फरशीला पाझर फुटे. तिच्याजवळ राहिलं होतं ते हे घर, आणि घराला बेर्त्रांने केलेलं अक्रोडाचं दार. दर उन्हाळ्यात तो ते बिजागरीवरून उचलून खाली घेई आणि दोघं मिळून त्याला अक्रोडाचं तेल चोळत. दार कसं उचलायचं हे तिला त्यामुळे ठाऊक होतं.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला. थापेच्या दिवसाच्या आदल्या दुपारी एक माणूस पूल ओलांडून आला. दाढी पांढरी, पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, अंगात ताप. त्याने चढावरच्या प्रत्येक दारावर थाप मारली असं सांगतात. प्रत्येक घरात माणसं होती आणि प्रत्येक घर गप्प राहिलं. शेवटी तो उतरत उतरत पुलाशी परत आला आणि त्याने पेरोनेलचं दार वाजवलं. तिलाही गप्प राहायचं होतं. परक्याचा ताप म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण थापेची सवय हाडात मुरलेली. तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "मी आहे."

एकदा उत्तर दिल्यावर दार न उघडणं तिला जमलं नाही. तो आत आला आणि फरशीवर कोसळला. कट्ट्यावर त्याचं अंग मावेना. तापात तो तडफडे आणि खाली पडे. फरशीवर गवत अंथरलं तर घटकाभरात ओलं झालं. त्याचे ओठ निळे पडत चालले. घरात दुसरी फळी नव्हती. पेरोनेलने चारी बाजूंना नजर फिरवली, आणि ती नजर दारावर येऊन थांबली.

तिला उद्याचा दिवस आठवत नव्हता असं नाही. दार काढलं तर घर जाणार, आणि घर गेलं तर या जगात तिला पाय टेकायला जागा नव्हती. ती बराच वेळ हात न हलवता उभी राहिली म्हणे. मग तिने पहार घेतली, बेर्त्रां घाली तशी दाराखाली घातली, आणि अक्रोडाचं ते धूड एकटीने उचलून आत ओढलं. चार दगडांवर ते आडवं टाकलं, त्यावर होतं नव्हतं ते सगळं अंथरलं आणि म्हाताऱ्याला त्यावर निजवलं. उघड्या चौकटीत तिने आपली घोंगडी टांगली, आणि स्वतः चुलीपाशी बसून राहिली.

सकाळी शेजारीण ओदेत घागर घेऊन निघाली आणि चौकट पाहून जागच्या जागी थिजली. उंबऱ्याबाहेरूनच तिने घोंगडी सारून आत पाहिलं आणि ती म्हणाली, "पेरोनेल, कारभारी वरच्या आळीत आलाय. अर्ध्या घटकेचा प्रश्न आहे. त्याला खाली ठेव, दार लाव, थाप झाली की पुन्हा निजव."

पेरोनेलला ते पटलं. तिने म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले. तो इतक्या वेळात पहिल्यांदाच शांत निजला होता. तिने उचलताच त्याच्या सर्वांगाला हिव भरलं, आणि बेर्त्रां जाताना जसा बघत होता तसा तो तिच्याकडे बघू लागला. तिने त्याला पुन्हा निजवलं.

"होऊ दे काय व्हायचं ते," ती ओदेतला म्हणाली. "मला नाही जमायचं."

कारभारी गिलेम आला. त्याच्यामागे रिवाजाप्रमाणे अर्धा गाव. काठी उगारून तो चौकटीसमोर उभा राहिला आणि तशीच काठी खाली घेतली. घोंगडी बाजूला होती. आतलं सगळं दिसत होतं.

"बाई, दार कुठे आहे?"

"ते काय, त्याच्या अंगाखाली. दार आहे कारभारी. मोडलं नाही, विकलं नाही. घरातच आहे."

गिलेम पेचात पडला. माणूस वाईट नव्हता, पण कायद्यापलीकडे त्याला काही दिसत नसे. दार नाही म्हणावं तर ते डोळ्यांसमोर होतं. थाप मारावी तर त्यासाठी आत जायला हवं, आणि थाप मारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्या कुठल्याही गावचा कारभारी दोन पावलं टाकून मोकळा झाला असता. गिलेम बर्फात उभा राहिला. लोकांत कुजबुज झाली, वाद झाले, आणि दुपार कलली तरी कारभाऱ्याचा पाय उंबऱ्याच्या अलीकडेच होता. सूर्य मावळेपर्यंत थाप पडली नाही तर घर गावाचं होणार होतं. पेरोनेल दाराच्या पलंगाशी बसून होती. तिने बेर्त्रांची पहार, एक पातेलं आणि लग्नातली ओढणी एका गाठोड्यात बांधून ठेवली होती.

सूर्य डोंगराला टेकला, आणि म्हाताऱ्याने डोळे उघडले. त्याने हात उशाशी नेला, दाराची लोखंडी कडी धरली आणि वाजवली. एकदा. दोनदा. तीनदा.

हे सांगताना मादाम मार्स्लीनचा आवाज अजूनही खाली येतो. कारण त्या तिसऱ्या थापेसरशी, असं सांगतात, चढावरच्या प्रत्येक घराच्या दारावर तीन थापा पडल्या. माणसं पुलाशी, घरं रिकामी, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि साठ दारं एका वेळी वाजली. आवाज दरीच्या दोन्ही अंगांनी फिरून आला. अक्रोडांवरचा बर्फ झडला. ओदेतच्या हातातली घागर पडली ती तिला पुढे कित्येक दिवस आठवलीही नाही. काल ही दारं कुणी वाजवली होती आणि आपण आत बसून काय केलं होतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणी कुणाकडे बघेना.

कारभारी गिलेमने टोपी काढली. मग त्याने विचारलं, "घरात कोण?"

"मी आहे," पेरोनेल म्हणाली.

घर तिचं राहिलं. त्या संध्याकाळी गावातल्या आणखी दहा घरांनी आपापली दारं उतरवली आणि पाहुण्यासाठी दगडांवर मांडली. स्वतःसाठी त्यांनी नंतर नवी केली. म्हातारा वसंतात बरा होऊन निघून गेला. तो संत होता असं चर्चवाले म्हणतात, कुंभार होता असं कुंभार म्हणतात. पेरोनेलने त्याला नाव विचारलं नाही आणि दार पुन्हा चौकटीला लावलं नाही. त्यावर पुढची तीस वर्षं वाटसरू झोपत आले, आणि थापेच्या दिवशी आतून कडी तेच वाजवत.

ती गेली तीही थापेच्या दिवसाच्या आदल्या दिवशीच. दुसऱ्या दिवशी नवा कारभारी चौकटीशी आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. वारस कुणी नव्हता. घर आता गावाचं, हे सगळ्यांनी मनात धरलं होतं. रीत म्हणून त्याने विचारलं, "घरात कोण?"

आतून कडी तीनदा वाजली. आदल्या संध्याकाळी उतरलेली, मीठ विकत फिरणारी कुणी परमुलखातली बाई दारावर निजली होती. मोडक्यातोडक्या बोलीत ती म्हणाली, "मी आहे."

कारभाऱ्याने काठी खाली केली आणि तो पुढच्या घराकडे वळला. तो कायदा पुढे कुणी रद्द केला नाही. तेव्हापासून या घराला मालक नाही. जो त्या दारावर झोपतो, घर त्याचं. मादाम मार्स्लीनसारखी माणसं ते फक्त झाडतात, आणि झोपायला पुलापलीकडे स्वतःच्या घरी जातात.

आजही व्हालनुआत दिवेलागणीला घर सांभाळणारा बाहेर उभा राहून तोच प्रश्न विचारतो, आणि पाहुणा उशाशी असलेली कडी तीनदा वाजवून उत्तर देतो. त्या संध्याकाळी मादाम घोंगडी हातात धरून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. यजमानांनी पासपोर्टची पिशवी खुर्चीवर ठेवून दिली होती. शरयूताईंनी कडी वाजवली. फ्रेंच वाक्य त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं, पण पस्तीस वर्षं शिकवलेली ती भाषा ऐन वेळी ओठांवर आलीच नाही.

"मी आहे," त्या मराठीत म्हणाल्या.

मादामने अर्थ विचारला नाही. त्यांनी घोंगडी सोडली, आणि दुसऱ्याच्या घरातून निघावं तशी पावलं न वाजवता त्या पूल ओलांडून गेल्या.