केरबा गुरुजींचा तयार पाठ

माळावरच्या मुरमेवाडीत एक भोळा गुरुजी होता. नाव केरबा. डी.एड. झालेला, अक्षर मोत्यासारखं, मन त्याहून स्वच्छ. खोड एकच. सांगितलेलं तेवढंच करायचा, आणि सांगितलेलं सगळं करायचा. मोबाइलवर 'कृपया थांबा' असं आलं की चालता चालता रस्त्यातच उभा राहायचा. मागून म्हशी आल्या तरी हलायचा नाही.

शाळा चौथीपर्यंत, मुलं अकरा, आणि मुख्याध्यापिका घोरपडेबाई. सहा वर्षं बाई एकट्याच चारही वर्ग शिकवत होत्या, खिचडी शिजवून घेत होत्या आणि ऑनलाइन माहिती भरायला पाण्याच्या टाकीवर चढत होत्या. गावात नेट मिळायचं ते फक्त टाकीवर. मुरमेवाडीला यायला कुणी शिक्षक तयारच नव्हता. केरबा आला, तोही एका वर्षासाठी. वर्ष संपताना विस्तार अधिकारी येणार, त्याचा पाठ बघणार, शेरा चांगला पडला तर केरबा कायम होणार. नाहीतर बाई पुन्हा एकट्या. बाईंनी ठरवलं, काही झालं तरी हा माणूस टिकवायचा. आपण काय ठरवतोय हे बिचाऱ्या बाईंना माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "गुरुजी, आता पूर्वीसारखं नाही. शिक्षकांसाठी नेटवर सगळं तयार मिळतं. पाठ, चित्रं, व्हिडिओ, खेळ. त्यात दिलंय तसं करत जा."

"बरं बाई," केरबा म्हणाला. विसरायला नको म्हणून त्याने रुमालाला एक गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी पाठ होता पाण्याचा. वेबसाइटवर लिहिलं होतं, 'मुलांना रांगेने जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर न्यावे.' केरबाने रांग केली. वेशीवर एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं, "आजोबा, समुद्र कुठल्या अंगाला?"

"मावळतीला," म्हातारा म्हणाला.

रांग मावळतीला निघाली. दुपारी चार वाजता ती दोन गावांपलीकडच्या पेट्रोल पंपावर सापडली. मुलं एकदम खूश होती. पहिलीतल्या श्रावणीने चपला हातात घेतल्या होत्या, वाळूत भरतील म्हणून.

बाई टेम्पो करून धापा टाकत पोचल्या. "अहो गुरुजी, आपल्याकडे समुद्र आहे का?"

"अजून लागला नाही, बाई."

बाईंनी कपाळावर हात मारला. "जे आपल्याकडे नाही, त्याच्या जागी गावातलं जवळचं काहीतरी घ्यायचं असतं. समुद्र नाही, तर ओढा."

"बरं बाई." केरबाने दुसरी गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात दातांचा पाठ आला. 'दंतवैद्यांना वर्गात बोलवावे. ते मुलांचे दात तपासतील व दोन शब्द सांगतील.' दंतवैद्य तालुक्याला. गावात दातांतलं कळणारा माणूस एकच, भैरू हेडी. बैलबाजारात दलाली करायचा. जबडा उघडला की बैलाचं वय सांगायचा, महिन्याचा फरक पडायचा नाही.

भैरू बाह्या सरसावून वर्गात आला. श्रावणीचा जबडा उघडला. "आदत," म्हणाला. म्हणजे अजून दुधाचेच दात. पुढच्याचा उघडला. "ह्यो बी आदत." चौथीतल्या सर्जेरावाशी आल्यावर जरा थांबला. "चारदाती. जरा चालून दाखव रं." सर्जेराव व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. भैरूने त्याच्या पाठीवर थाप मारली. "खांदा चांगला हाय." शेवटी सरपंचांच्या नातवाची पाळी आली. भैरूने दात बघितले, पोट बघितलं आणि केरबाला बाजूला घेतलं. बाजूला घेतलं तरी आवाज बाजारातलाच. "गुरुजी, ह्याला घेऊ नगा. खायला लई आन् कामाला न्हाई."

संध्याकाळी सरपंच शाळेत आले. "बाई, भैरू बोलला त्यात खोटं काही नाही," ते म्हणाले, "पण सगळ्यांदेखत बोलायला नको होतं."

सरपंच गेल्यावर बाई म्हणाल्या, "गुरुजी, बाहेरचं माणूस आणूच नका. मुलांचं मुलांना करू द्या. आपण लांब उभं राहून बघायचं, टिपून ठेवायचं, मध्ये पडायचं नाही. त्यावर नेटवर चांगले व्हिडिओ आहेत, ते बघा."

"बरं बाई." तिसरी गाठ. व्हिडिओही बघितले, सगळेच्या सगळे.

वर्ष संपत आलं. एका शनिवारी बाई तांदूळ काढायला कोठीच्या खोलीत गेल्या. मुलांनी बाहेरून दार लोटलं. कडी उंच होती. सर्जेराव ओणवा झाला, त्याच्या पाठीवर सरपंचांचा नातू चढला, त्याच्या खांद्यावर श्रावणी. कडी लागली. केरबा लांब लिंबाखाली वही घेऊन उभा होता.

खिडकीतून बाईंचा आवाज आला. "गुरुजी, कडी काढा."

केरबाने ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला बाई. मुलं करतायत."

दीड तासाने खिचडीवाल्या पारूमावशी आल्या, त्यांनी कडी काढली. बाई बाहेर आल्या तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत तांदळाच्या कोंड्याने पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांनी केरबाची वही उघडली. लिहिलं होतं, 'मुलांनी गटात काम केले. कडी उंच असूनही प्रयत्न सोडले नाहीत. सहकार्य उत्तम.'

बाईंना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. रागावून उपयोग नव्हता, सोमवारी विस्तार अधिकारी साहेब येणार होते.

"आता डोकं चालवू नका, गुरुजी," बाई म्हणाल्या. "नेटवर पाठाचं तयार टाचण मिळतं. शिक्षक काय विचारतील, मुलं काय उत्तर देतील, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते मुलांकडून पाठ करून घ्या. एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही."

"बरं बाई." चौथी गाठ. ती रात्रभर सुटू नये म्हणून केरबा रुमाल उशाला घेऊन झोपला.

सोमवारी साहेब आले. मागच्या बाकावर बसले. बाई दाराशी उभ्या, पदर मुठीत. पाठ होता 'माझी ओळख'.

टाचणात लिहिलं होतं, 'शिक्षक प्रसन्न चेहऱ्याने वर्गात प्रवेश करतील.' केरबा वर्गातच होता. तो बाहेर गेला, चेहरा प्रसन्न केला आणि पुन्हा आत आला. पुढे लिहिलं होतं, 'विद्यार्थी उत्स्फूर्तपणे हसतील.' अकरा मुलं एका दमात हसली आणि एका दमात थांबली.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. पण मुलं धीट होती, ताठ उभी राहत होती, खणखणीत बोलत होती. साहेबांना बरं वाटलं. त्यांनी श्रावणीला विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

श्रावणीने हाताची घडी घातली. "माझे नाव येथे विद्यार्थ्याचे नाव लिहावे."

"काय?"

"माझे नाव येथे विद्यार्थ्याचे नाव लिहावे."

साहेबांनी सर्जेरावाकडे बघितलं. "तुझ्या शाळेचं नाव काय रे?"

"माझ्या शाळेचे नाव येथे शाळेचे नाव लिहावे."

"बरं. घरी कोण कोण असतं?"

"माझ्या घरी दोन ते तीन वाक्ये अपेक्षित."

बाईंनी डोळे मिटले. आता संपलं, त्यांना वाटलं. उद्यापासून पुन्हा चार वर्ग, एक बाई आणि एक टाकी.

साहेबांनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलत होते. बराच वेळ हलत होते. मग डोळे पुसून त्यांनी शेऱ्याची वही ओढली आणि लिहिलं, 'पाठ टाचणाप्रमाणे झाला.'

"वीस वर्षं हा शेरा लिहितोय मी, बाई," साहेब म्हणाले. "खरा आजच लिहिला." मग त्यांनी हजेरी चाळली. "मुलं रोज सगळी येतात?"

"सगळी येतात. गुरुजी आल्यापासून रविवारीही येतात, साहेब," बाई म्हणाल्या. "हाकलावी लागतात."

"मग राहू द्या यांना. मी शिफारस करतो." निघताना साहेबांनी पहिलीच्या मुलांच्या वह्या बघितल्या. "गुरुजी, अक्षराकडे मात्र बघा. नेटवर फिकट अक्षरांचे कागद मिळतात, ते छापून आणा. फिकट अक्षर दिसलं की ते जसंच्या तसं गिरवायचं, एवढी सवय लागली पाहिजे."

"बरं साहेब." रुमालाला जागा उरली नव्हती. पाचवी गाठ केरबाने सदऱ्याच्या टोकाला मारली.

"आणि तुमचा नेमणुकीचा अर्ज ऑनलाइन भरा. शाळेचं सगळं मी भरून ठेवतो, तुम्ही फक्त नाव घाला."

"मी भरू का अर्ज?" बाईंनी विचारलं.

"नावच तर घालायचंय, बाई. तेवढं मला येतं," केरबा म्हणाला.

एरवी बाईंनी ऐकलं नसतं. पण त्या दिवशी बाई खूश होत्या, आणि खूश माणूस गाफील असतो.

केरबा टाकीवर चढला. अर्ज उघडला. नावाच्या चौकोनात फिकट अक्षरं होती, 'येथे उमेदवाराचे नाव लिहावे'. केरबाने सदऱ्याची गाठ बघितली. मग एक एक अक्षर बघत, काना-मात्रा न चुकवता, ती सगळी जशीच्या तशी गिरवली. अर्ज गेला.

पंधरा दिवसांनी आदेश आला. बाईंनी तो मोठ्याने वाचायला घेतला. "मुरमेवाडी शाळेतील रिक्त पदावर श्री. येथे उमेदवाराचे नाव लिहावे यांची कायम नेमणूक करण्यात येत आहे. त्यांनी सोमवारी सकाळी हजर व्हावे."



केरबाने आदेश हातात घेऊन नाव वाचलं. "म्हणजे माझ्या जागी दुसरे गुरुजी नेमले, बाई."

"अहो गुरुजी, ते दुसरे नाहीत, ते..."

पण केरबा वर्गात गेला होता. त्याला फार वाईट वाटत होतं. तरी त्याने मुलांना सांगितलं, नवे गुरुजी कायमचे आहेत, त्यांना त्रास देऊ नका, कोठीची कडी लावू नका. फळा पुसून त्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'श्री. येथे उमेदवाराचे नाव लिहावे यांचे हार्दिक स्वागत'.

बाई शनिवारभर समजावत होत्या, रविवारभर समजावत होत्या. केरबा म्हणायचा, "बाई, माझं मन राखायला बोलताय तुम्ही. आदेशात नाव आहे ना त्यांचं?"

सोमवारी सकाळी शेवंतीचा हार घेऊन तो एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. गाडी आली. तिघं उतरले. केरबाने प्रत्येकाला हात जोडून विचारलं, "आपण येथे उमेदवाराचे नाव लिहावे का?"

"न्हाई बा," कोंबडीवाला म्हणाला, "मी पवार."

दुसरी गाडी आली, तिसरी आली. अकरा वाजता केरबा हार घेऊन शाळेत परतला. आयुष्यात पहिल्यांदा तो रागावलेला होता. त्याने हार टेबलावर ठेवला, रुमालाच्या सगळ्या गाठी सोडल्या आणि घाम पुसला.

"बाई, लावा त्यांची गैरहजेरी. पहिल्याच दिवशी दांडी मारली," केरबा म्हणाला. "असल्या माणसाच्या भरवशावर ही पोरं टाकून मी जायचा नाही. ते हजर होईपर्यंत मी इथंच आहे."