अंतोबाचं समूहगान

कृष्णाकाठच्या एका गावात अंतोबा गुरव नावाचा एक भोळा गवई होता. गळा गोड, पण सांगितलेलं तंतोतंत करायची खोड. त्याला गावच्या शाळेत गायनमास्तर व्हायचं होतं. त्यासाठी परीक्षा, आणि परीक्षेला समूहगानाचा अनुभव हवा.

"मी संगीत नाटकात राजा होऊन गातो. ते धरा की," अंतोबा म्हणाला.

"तिथं तू एकटाच ताना मारतोस," त्याचे गुरू निगुडकरबुवा म्हणाले. "समूहगान म्हणजे दुसऱ्याच्या आवाजात आवाज मिसळायचा."

अंतोबाला पटलं. शनिवारी नाटकात राणीनं विरहाचं पद सुरू केलं. अंतोबानं विंगेतून आवाज मिसळला. राजा परदेशी गेला म्हणून राणी रडतेय, आणि राजा आतून साथ करतोय! लोक हसून लोळले.

राणी झालेल्या कुमुदिनीबाई भडकल्या. "मेल्या, दुसरा गात असेल तेव्हा तोंड मिटावं! त्याचं संपलं की मग गावं!"

अंतोबाला हेही पटलं. सोमवारी बुवांनी त्याला शाळेच्या स्वागतगीतात उभं केलं. वीस जण गायले, अंतोबा गप्प. गीत संपलं, टाळ्या झाल्या, पाहुणे भाषणाला उठले. मग अंतोबानं पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. पाहुणे गळ्यात हार घेऊन चारही कडवी उभे.

बुवांनी कपाळ बडवलं. "अरे, शेजारचा काय करतो ते बघ आणि तेच कर!"

नाटक समूहगानात धरायचं की नाही, ते ठरवायला अखेर परीक्षक सोहोनीबाईच नाटकाला आल्या. शेवटचा प्रवेश. राणी विष पिऊन राजाशेजारी कोसळली. आता राजाची भैरवी. अंतोबानं शेजारी पाहिलं आणि धाडकन आडवा झाला.

पेटीवाल्यानं तीनदा सूर दिला. राजा हलेना. शेवटी भैरवी प्रेक्षकांनीच उचलली. त्यांना ती तोंडपाठ. पहिल्या रांगेपासून मागच्या बाकापर्यंत सगळे गायले. बुवासुद्धा.

सोहोनीबाई डोळे पुसत रंगमंचावर चढल्या. "नाटक समूहगानात धरलंच पाहिजे! पण अंतोबा, परीक्षा तुमची आहे. एक ओळ तरी गा, लगेच पास करते."

अंतोबानं एक डोळा उघडला. पडदा पडेपर्यंत हलायचं नाही म्हणून कुमुदिनीबाई निपचित पडलेल्या.

"जरा थांबा, बाई," तो कुजबुजला. "शेजारीण अजून मेलेलीच आहे."