घोरपडीचे धोंडे आणि अस्वलाची आगटी

डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका रानात एक घोरपड राहत असे. तिथली थंडी फार वाईट. उंचावर एका गुहेत अस्वलाची आगटी होती. अस्वल लाकडं जाळून आगटीत धोंडे तापवी आणि वानरं ते धोंडे केळीच्या सोपटात गुंडाळून घरोघर पोचवीत. एका तापलेल्या धोंड्याला ओंजळभर बोरं, असा अस्वलाचा भाव होता. कुणी कुरकुर करत नसे. थंडीत पिल्लं जगवायची तर ऊब लागते, आणि ऊब होती एकट्या अस्वलाकडे.

त्या वर्षी घोरपडीच्या बिळात सात अंडी होती. ती उघडी टाकून बोरं वेचत कुठे हिंडणार? इतरांची घरं झाडांच्या सावलीत होती, हिचं मात्र उघड्या कातळाखाली. दिवसभर तिथे ऊन. मग हिने ओढ्यातले काळे धोंडे एकेक करून ओढत आणले आणि बिळाच्या छपरावर मांडले. दुपारी त्यांच्यावर पाय ठेववत नसे, असे ते तापत. अंड्यांना दोन-तीन पुरत. उरलेले ती वानरांच्या हवाली करी आणि सांगे, "शेजारी सशाला द्या, साळूला द्या. ऊन कलल्यावर मला तेवढे आगटीतले आणून द्या, म्हणजे झालं." कारण ऊन गेलं की छपरावरचे धोंडे गार, आणि अंडी तर रात्रीही उबेत हवीत.

चार-सहा दिवस असं चाललं. मग अस्वलाचा निरोप आला. घोरपडीने धोंडा दिला तर तिला एक बोर मिळेल, आणि आगटीतला धोंडा हवा असेल तर इतरांसारखी ओंजळभर बोरं द्यावी लागतील. घोरपड तडक गुहेशी गेली.

"बुवा, माझा धोंडा गरम नसतो का?"

"असतो की."

"मग त्याला एक बोर आणि तुमच्याला ओंजळ, हे कुठलं माप?"

"अगं, तुझं काय, ऊन फुकटचं. मी लाकडं आणतो, रात्रभर आगटी राखतो, वानरांना खाऊ घालतो. ते तू करतेस का?"

"फुकटचं? धोंडे ओढून माझी नखं झिजली, ती तुम्हाला दिसली नाहीत. माझा धोंडा सशाकडे गेला की तुमचं तेवढं लाकूड वाचतं, तेही दिसलं नाही. स्वतःचं तेवढं बरं दिसतं तुम्हाला."

"एक बोर. पटलं तर घे," असं म्हणून अस्वल लाकडं रचायला लागलं.

"तुमचं बोर तुम्हीच खा," घोरपड म्हणाली. "माझे धोंडे माझ्या छपरावरून हलायचे नाहीत. आणि तुमच्या आगटीवाचून माझं काही अडत नाही."

हे शेवटचं वाक्य तिने रागात टाकलं, आणि रागात टाकलेलं वाक्य मग निभवावं लागतं. तिने सगळे तापलेले धोंडे अंड्यांभोवती रचले, वर पालापाचोळा लोटला. पहाटे ते कोमट होत, पण निभत होतं. दुसऱ्या दिवशी ससा आला. "मावशी, तुझा धोंडा चार उड्यांवरून यायचा, चांगला कढत असायचा. आता दिवसाही वरूनच येतो, पोचेपर्यंत निम्मा निवतो. पोरं कुडकुडतात गं."

"अस्वलाला सांग," घोरपड म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

थंडी वाढत चालली होती, आणि तिकडे अस्वलाला आता दिवसाही आगटी भडकती ठेवावी लागे. लाकूड आणायला जायचं तर मागे आगटी कोण राखणार? रचलेली रास भराभर उतरत चालली. आणि मग मळभ आलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही. छपरावरचे धोंडे नुसते धोंडे होऊन पडले. तिसऱ्या दिवशी घोरपडीने अंड्यांवर गाल टेकवला, तर तिला ती गार लागली. ती मुकाट्याने डोंगर चढायला लागली. थंडीत घोरपडीचं अंग लाकडासारखं होतं. एरवी जिथे ती झपाट्याने पोचे, तिथे पोचायला तिला सकाळपासून दुपार झाली.

गुहेत जेमतेम दोन मोळ्या उरल्या होत्या आणि अस्वल त्यांच्याकडे बघत बसलं होतं.

"बुवा, मी आगटीवाचून अडत नाही म्हणाले, ते चुकलं," घोरपड म्हणाली. "अंडी गार पडलीत."

अस्वलाने तिच्या पायांकडे पाहिलं. "लाकडं दिवसाच जळून संपली गं," ते म्हणालं. "तुझे धोंडे येत होते तेव्हा मी दुपारी रानात जाऊन मोळी आणायचो. ते मी हिशेबात धरलंच नव्हतं."

"आता धरा. मी दहा धोंडे दिले तर मला नऊ परत द्या. दहावा वानरांच्या फेऱ्यांचा आणि तुमच्या जागण्याचा. तो मी आपणहून सोडते. पण एका बोरावर माझी बोळवण करायची नाही."

अस्वलाने कान खाजवत मान डोलावली. मग वानरांना हाक मारली. "हिच्या बिळात आधी चार धोंडे टाका. हिलाही उचलून न्या, चालवत नाही तिला."

दोन मोळ्यांवर ती रात्र कशीबशी निघाली. सकाळी ऊन पडलं. दुपारी घोरपडीच्या छपरावरून धोंडे सशाकडे आणि साळूकडे गेले, आणि अस्वल कितीतरी दिवसांनी लाकडाला बाहेर पडलं. पुढे थंडीभर तोच रिवाज चालला.

अंडी फुटायचे दिवस आले तेव्हा अस्वल स्वतः खाली उतरलं. "किती झाली?" त्याने विचारलं.

"पाच," घोरपड म्हणाली. "दोन आपल्या भांडणात गेली."

अस्वल तिथेच बिळापाशी बसून राहिलं.

तात्पर्य : दुसऱ्याच्या छपरावरच्या उबेने आपलं जेवढं वाचतं, तेवढं मोल त्याला हात न आखडता द्यावं, आणि ज्या आगटीवर आपली रात्र निघते, तिचा भार आपणही थोडा उचलावा.